तुबलीतला नैवेद्य

बहारीनच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली ती तांदळाच्या पिठीमुळे. आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, मिरजेच्या गिरणीत दळून, दोनदा चाळून चार किलो पिठी मी चार पिशव्यांत भरून नेली होती. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने एक पिशवी उचलली, दाबली, उजेडात धरली. हे काय आहे, असं त्याने इंग्रजीत विचारलं. "राईस," मी म्हटलं. हा राईस नाही, तो म्हणाला, आणि त्याने दुसऱ्याला हाक मारली. मला पिठाचा इंग्रजी शब्द काही केल्या आठवेना. शेवटी मी डावा तळवा पुढे केला आणि उजव्या हाताची बोटं जुळवून हवेतच एक मोदक वळून दाखवला. दुसरा अधिकारी वयाने मोठा होता. त्याने पिशवीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी बॅगेत परत ठेवत म्हणाला, "यल्ला, खाला." म्हणजे, जा मावशी.

छातीत धडधडत होतं. त्या पंधरवड्यात ते पुन्हा तसंच धडधडलं, पण तेव्हा समोर परका कोणी नव्हता. माझीच माणसं होती.

जनाबिया

माझी धाकटी बहीण नंदा आणि तिचा नवरा सुधीर अठरा वर्षं बहारीनमध्ये आहेत. सुधीर एका कारखान्यात इंजिनियर. त्यांची मुलगी इरा सोळा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. नंदा दर वर्षी म्हणायची, "ताई, एकदा तरी आमचा गणपती बघायला ये." या वर्षी गेले.

जनाबियात त्यांचं घर एका मोठ्या कंपाउंडमध्ये आहे. सारख्या दिसणाऱ्या अकरा व्हिला, मध्ये पोहण्याचा तलाव, भिंतीवर बोगनवेल. भाद्रपदाचे दिवस, पण दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि दोन मिनिटं काही दिसायचं नाही. घराच्या मागच्या बाजूला नंदाने एसीच्या पाण्याची नळी एका कुंडीत सोडली होती. त्या पाण्यावर दूर्वा माजल्या होत्या. इथे दूर्वा कुंडीत लावाव्या लागतात असं मिरजेत कुणाला सांगितलं तर हसतील. नंदा मात्र मला ती कुंडी दाखवताना गंभीर होती. "इथं प्रत्येक गोष्ट जगवावी लागते, ताई," ती म्हणाली. "आपोआप काही राहत नाही."

तुबली

तुबली म्हणजे खाडीकाठचा गॅरेजांचा भाग. दिवसभर पत्र्यावर हातोडे पडत असतात, रंगाचा उग्र वास, आणि ओहोटी असली की त्यात चिखलाचा. त्या गल्लीत मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर नंदाच्या मंडळाचं मंदिर. जिना चढून गेलं की चपलांची मांडणी, काचेचं दार, आणि आत थंडगार हॉल. देव्हाऱ्यात विठ्ठल-रखुमाई, शेजारी अंबामाता, तिच्या शेजारी बालाजी, आणि टोकाला नंतर कधीतरी आलेला मुरुगन.

नंदा आली तेव्हा सहा कुटुंबं होती, गुजराती आणि मराठी. मग तमिळ वेल्डर आले, तेलुगू हिशेबनीस, नेपाळी सुरक्षारक्षक. त्यांच्यानंतर आले ते मूळचे हिंदू नसलेले. असे तिघं होते. एक केनियाचा मनुष्य, एक इंग्रज शिक्षिका, आणि मीरा.

मीरा फिलिपाईन्सची, पस्तिशीची, नर्स. तिचं आधीचं नाव मरिसेल. मंडळाचे सेक्रेटरी कांतिभाई, सत्तरीचे गुजराती गृहस्थ, त्यांची आई आजारी असताना मीरा त्यांच्या घरी जायची. म्हातारी दिवसभर स्तोत्रं म्हणायची. ऐकून ऐकून मीराला ती येऊ लागली. म्हातारी गेली, तरी मीराचं मंदिरात येणं थांबलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने होमासमोर बसून नवीन नाव घेतलं. तिच्या आईने त्यानंतर वर्षभर तिचा फोन उचलला नव्हता. हे मला नंतर कळलं.

पहिल्यांदा मी तिला पाहिलं ते मंदिराच्या स्वयंपाकघरात. चतुर्थी बुधवारी होती, आणि त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी मोदकांचा सराव ठेवला होता. माझी पिठी वापरून नंदाने उकड काढली. सात-आठ बायका ओट्याभोवती. कुणाची पारी फाटत होती, कुणाच्या पाकळ्या मिटत होत्या. कोपऱ्यात मीरा उभी होती, दोन्ही हात मागे बांधून. मी तिच्यापुढे उकडीचा गोळा धरला. तिने आधी नंदाकडे पाहिलं, मग तो घेतला.

तिची बोटं मी विसरणार नाही. वाटी इतकी पातळ की पलीकडचा तळवा गुलाबी दिसावा, आणि कुठे तडा नाही. पाकळ्या एकवीस. ती मला इंग्रजीत सांगत होती, की तिच्या गावी तांदळाचं पीठ, नारळ आणि गुळाचे दहा प्रकार होतात आणि ती सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर ते करते. मी चित्रकलेची बाई. हात ओळखता येतात मला. मी सगळ्यांना म्हटलं, "हा बघा मोदक."

 नंदाने मीराचा मोदक उचलून वेगळ्या ताटलीत ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडी नंदा चालवत होती. गल्ली संपल्यावर ती म्हणाली, "तू तिला उकड द्यायला नको होतीस."

"का?"

"सरावाला ठीक आहे. बुधवारी नैवेद्य असतो. नैवेद्याला मी तिला हात लावू देणार नाही. शुक्रवारी मीटिंग आहे, तिथं हाच विषय आहे. कांतिभाईंनी स्वयंपाकाच्या यादीत तिचं नाव घातलंय."

मी म्हटलं, "अगं, पण ती तुमच्यातलीच ना आता?"

"बसू दे की पूजेला. आरती म्हणू दे. कोण नाही म्हणतंय? पण चूल वेगळी." मग तिने सिग्नलला गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाली, "अठरा वर्षं मी सुधीरच्या व्हिसावर आहे, ताई. नोकरी नाही. इरा माझ्याशी मराठी बोलत नाही. ते एक स्वयंपाकघर माझं आहे."

मी तिच्या हातावर हात ठेवला. त्याचा अर्थ तिने जो घ्यायचा तो घेतला.

शुक्रवार

मीटिंगला चाळीसएक माणसं सतरंजीवर बसली होती. एसीचा आवाज मधूनच बदलत होता. कांतिभाईंनी विषय मांडला आणि दहा मिनिटांत हॉलचे दोन भाग पडले. एक तमिळ गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे देवळाच्या मडपळ्ळीत, म्हणजे नैवेद्याच्या स्वयंपाकघरात, बाहेरचं कोणीच जात नाही. नेपाळी मुलांपैकी एकाने विचारलं, बाहेरचं म्हणजे कोण, मी पण का? त्यावर चार जण एकदम बोलू लागले. मीरा मागच्या भिंतीला टेकून बसली होती. निळी साडी, मांडीवर वही. वहीत तिने आरत्या रोमन अक्षरांत लिहून घेतल्या होत्या.

कांतिभाई घाबरले होते. त्यांना मंडळ फुटू द्यायचं नव्हतं. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. "आपली वसुधाबेन गावाकडून आली छे. वडील माणूस. त्यांनाच विचारू. बेन, तुमच्या तिकडे असली रीत काय?"

सगळी डोकी वळली. नंदा माझ्या शेजारीच होती. तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी तेव्हा मनात काय म्हटलं ते मला स्वच्छ आठवतं. मी म्हटलं, पंधरा दिवसांची पाहुणी मी, बहिणीला उघड्यावर कशाला पाडू.

"नैवेद्याला सोवळं असतं," मी म्हणाले. "घरातल्याच बायकांनी करायचा असतो."

एवढंच. दोन वाक्यं. कुणीतरी ते हिंदीत सांगितलं, कुणीतरी इंग्रजीत. तिसऱ्या वेळेला ते मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. मीराने वही मिटली, उठली, सगळ्यांना हात जोडले आणि काचेचं दार हळू लावून घेऊन जिना उतरली. कांतिभाईंनी यादीतलं एक नाव खोडलं. नंदाने माझा पदर सोडला.

शनिवार

सकाळी सुधीर कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुब्ज घेऊन आला. तंदुरात भिंतीला थापलेली पातळ, फुगलेली भाकरी. आपल्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा मोठी आणि चवीला सौम्य. आम्ही ती चहात बुडवून खात होतो. इराने तिची भाकरी तशीच ठेवली होती.

"मावशी, कॅन आय आस्क समथिंग?" ती म्हणाली. "मागच्या वर्षी आम्ही संकष्टीला मिरजेला आलो होतो. मोदक तू नव्हते केले. बॉक्स आला होता."

बऱ्याच दिवसांनी तिने एक सबंध मराठी वाक्य जुळवलं होतं, आणि ते हे होतं.

ती खरं बोलत होती. गुडघे दुखायला लागल्यापासून मी मोदक घरी करत नाही. पलीकडच्या वस्तीतला एक बचत गट करतो. त्या बारा-पंधरा बायका. त्या कोण, कुठल्या, मी कधी विचारलेलं नाही. खोकं येतं, मी देवापुढे ठेवते, नमस्कार करते. सोवळं म्हणून जे माझ्या सासूबाई नेसायच्या ते गेली वीस वर्षं कपाटाच्या वरच्या खणात आहे.

"इरा, खा तुझं," नंदा म्हणाली.

"बट इट वॉज अ लाय," इरा म्हणाली, आणि उठून गेली.

त्या दुपारी मंदिरातला एसी बंद पडला. माझं घरात मन लागेना, म्हणून सुधीर किल्ली घेऊन निघाला तेव्हा मीही गेले. दुरुस्तीला आलेला माणूस मराठी निघाला. गौतम इंगळे, अकोल्याकडचा, चाळिशीचा. त्या सबंध इमारतीचं काम त्याच्याकडे होतं. सुधीर खाली काही सामान आणायला गेला. गौतम शिडीवर, मी सतरंजीवर. हॉलमध्ये इतकं उकडत होतं की देवांवरची फुलं काळी पडली होती.

"शुक्रवारी गच्चीवर होतो मी," तो शिडीवरूनच म्हणाला. "तुमचं बोलणं आयकू आलं."

मी मान वर करून पाहिलं.

"मी इथं पाया पडाले येत नाही, ताई. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. तुमच्या नैवेद्यात माझं काही अडलं नाही." त्याने जाळी काढून खाली ठेवली. तिच्यावर बोटभर धूळ होती, बारीक, पिवळी. "माझ्या आज्याले गावात हेच सांगितलं होतं. रागानं नाही सांगितलं. असंच, तुमच्यासारखं, नरम आवाजात. रीत आहे म्हणून. तो मरेपर्यंत त्या माणसाचा आवाज सांगत होता, का तो किती नरम होता."

"मला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणायचं नसते कोणालेच," तो म्हणाला. मग उतरला, जाळी उचलली आणि धुवायला घेऊन गेला. थोड्या वेळाने एसी सुरू झाला. माझा घाम निथळत होता तो गार पडत गेला, आणि मी तशीच बसून राहिले.

गुदैबिया

रविवारी मी इराला घेऊन टॅक्सीने मीराकडे गेले. नंदाला बाजारात जातो म्हणून सांगितलं. साठी उलटल्यावर बहिणीशी खोटं बोलायची वेळ आली.

गुदैबिया हा राजधानी मनामाचा दाट भाग. खाली फिलिपिनो किराणा दुकान, मल्याळी न्हावी, कराक म्हणजे उकळलेल्या दाट चहाची एक खिडकी, आणि वर घरं. मीरा दोघींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते. बाकीच्या दोघी चर्चला जाणाऱ्या. बैठकीच्या खोलीत त्यांचा येशू आणि मीराच्या खोलीत एका लाकडी फळीवर गणपती. ड्यूटीवरून नुकतीच आली होती, केस ओले होते. तिने आम्हाला पाणी दिलं, नारळाची एक चिकट वडी दिली, आणि समोर पलंगावर बसली.

मी माझ्या मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगितलं. मी चुकले. आमच्या घरीही तसं काही पाळत नाहीत. मला माफ कर.

तिने ऐकून घेतलं. मग इंग्रजीत बोलू लागली, हळूहळू, मला कळावं म्हणून. "हे नाव घेतलं तेव्हा माझी आई म्हणाली, ते तुला कधीच आपलं म्हणणार नाहीत. मी तिला म्हटलं, तू त्यांना ओळखत नाहीस." तिने ओले केस मागे सारले. "काल तिचा फोन आला होता. मी काही सांगितलं नाही."

इरा जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही ते तिथे बोललात, मॅडम," मीरा म्हणाली. "सगळ्यांसमोर. इथे माझ्या खोलीत माफी मागितलीत तर ती फक्त तुमच्या मनाला बरं वाटण्यासाठी. सॉरी. मी रोज आजारी माणसांशी बोलते, मला सरळ बोलायची सवय आहे."

जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. मला तो नको होता.

टॅक्सीत इराने विचारलं, "सो, विल यू?"

"तुझी आई मला कधी माफ करणार नाही," मी म्हटलं.

"दॅट्स नॉट ॲन आन्सर, मावशी."

सोमवार

सोमवारच्या आरतीला गर्दी असते. आरती झाली, प्रसाद वाटायच्या आधी मी कांतिभाईंना म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचंय. नंदा स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलंच. तिला कळलं होतं.  पस्तीस वर्षं वर्गापुढे बोललेली बाई मी, आणि शब्द फुटेना.

"शुक्रवारी मला रीत विचारलीत," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं. माझ्या घरी नैवेद्याचे मोदक विकत येतात. ते करणाऱ्या बायका कोण, मला माहीत नाही, देवानेही कधी विचारलं नाही. माझी बहीण शेजारी होती म्हणून मी तसं बोलले. ते माझं मत नव्हतं आणि आमच्याकडची रीतही नव्हती. माझ्या नावावर कुणाला बाहेर ठेवलं असेल, तर ते नाव काढून टाका."

 मग एक बाई म्हणाली, पाहुण्यांनी आमच्यात भांडण लावायला यायचं का? दुसरी म्हणाली, खरं तेच बोलल्या त्या. आवाज चढू लागले. तेवढ्यात कांतिभाई खुर्चीचा हात धरून उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मारी बा," ते म्हणाले, आणि मग हिंदीत, "मेरी माँ आखिर के चार महीने उसी लड़की के हाथ से खाती थी. कट्टर वैष्णव थी मेरी माँ. मैंने शुक्रवार को उसका नाम काटा."  त्यांनी यादी काढली आणि खिशातल्या पेनने मीराचं नाव परत लिहिलं. 

नंदाने प्रसादाचं ताट ओट्यावर ठेवलं, कमरेचा पदर सोडला आणि खाली गेली. तिच्या मागोमाग तीन कुटुंबं उठली.

घरी पोचलो. नंदा दारात म्हणाली, "आई असती तर तुला काय म्हणाली असती, ते मी म्हणत नाही." नंतरचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहाचा कप माझ्यासमोर ठेवायची, तो आवाज न करता.

चतुर्थी

त्या तीन कुटुंबांनी आणि नंदाने कंपाउंडमधल्याच एका व्हिलात वेगळा गणपती बसवायचं ठरवलं. शाडूची दीड फुटी मूर्ती मनामातून आणली. दूर्वांची कुंडी नंदाने उचलून तिकडे नेली.

बुधवारी पहाटे सुधीरने मला आणि इराला तुबलीला सोडलं आणि तो परत गेला. जायला निघताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे मिटेल ना?" मी इराला घेऊन जिना चढू लागले.

मीरा आली होती. यादीत नाव आल्यावर कांतिभाई स्वतः तिच्याकडे गेले होते म्हणे. ती आली, पण हसली नाही. आम्ही पाच जणी होतो, जिथे दर वर्षी बारा असतात. मी उकड काढायला गेले तर पाण्याचा अंदाज चुकला आणि गाठी झाल्या. नंदा असती तर बघताक्षणी सावरली असती. मीराने गाठी मोडून काढल्या. तिचा हात वाफेने लाल झाला होता. एकशे आठ मोदक व्हायचे ते साठच झाले. नैवेद्य दाखवला तेव्हा तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. हॉल अर्धा रिकामा होता. जिंकल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं. मी तर माझ्या बहिणीला सणाच्या दिवशी तिच्याच स्वयंपाकघरापासून तोडलं होतं.

दीड दिवसाचं विसर्जन

गुरुवारी संध्याकाळी विसर्जन. मंदिराच्या गच्चीवर विटांचा एक हौद बांधलेला आहे, त्यातच मूर्ती विसर्जित करतात. पाच वाजले होते. ऊन उतरलं होतं, पण गच्चीची फरशी चप्पल काढू देत नव्हती. पलीकडे तुबलीची खाडी, ओहोटीने उघडी पडलेली, तिच्यात पांढरे पक्षी एकाच दिशेला तोंड करून उभे.

सव्वापाचला कांतिभाईंचा फोन वाजला. सुधीर होता. व्हिलाच्या अंगणात त्यांनी टब ठेवला होता. कंपाउंडच्या मॅनेजरने येऊन सांगितलं, घरात काय करायचं ते करा, अंगणात गर्दी नको, शेजाऱ्यांची तक्रार आहे. आत बाथरूममध्ये विसर्जन करायला कुणाचं मन होईना. उत्तरपूजा होऊन मूर्ती जागेवरून हलवून झाली होती. सुधीरने विचारलं, तुमच्या हौदात जागा आहे का.

कांतिभाईंनी फोन कानाला तसाच धरून आमच्याकडे पाहिलं. एक-दोघांचे चेहरे कडक झाले. सोमवारी माझी बाजू घेणारी बाई पुटपुटली, "आता बरी आठवण झाली." कुणी तिला दुजोरा दिला नाही. "आवो," कांतिभाई फोनमध्ये म्हणाले.

तासाभराने खाली गाड्या थांबल्या. आम्ही हॉलमध्ये आलो. जिन्यावर पावलं ऐकू येत होती, जड, थांबत थांबत. गजर नव्हता, टाळ्या नव्हत्या. काचेच्या दारातून पहिली नंदा दिसली. ज्यांच्या घरी गणपती होता ते गृहस्थ शिफ्टवर होते, सुधीरची कंबर धरलेली, म्हणून मूर्ती तिनेच उचलली होती. दोन्ही हात मूर्तीच्या पाटाखाली, केस कपाळाला चिकटलेले, चष्म्यावर वाफ. तिला समोरचं नीट दिसत नसणार. मागे सात-आठ जण, पायऱ्यांवरच उभे.

दार उघडायला कुणी पुढे होईना. मी एक पाऊल टाकलं, आणि मला वाटलं, मला बघून ती परत फिरेल. मी थांबले. माझी छाती विमानतळावरच्यासारखी धडधडत होती.

मीरा पुढे झाली. तिने दार उघडून पायाने अडवलं. हातात पूजेचा तांब्या होता. तिने तो वाकवला आणि नंदाच्या पायांवर पाणी घातलं, आधी उजव्या, मग डाव्या. हे गणपती घरी आणताना करतात. विसर्जनाला निघालेल्या मूर्तीसाठी करत नाहीत. मीरा दोन वर्षं बघून जे शिकली होती ते ती करत होती. कुणी तिला थांबवलं नाही. मग तिने ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं. मूर्तीच्या कपाळाला लावलं, आणि तेच बोट नंदाच्या कपाळाकडे नेलं.

मीरा बुटकी आहे. तिचा हात पोचेना. टाचा उंचावूनही पोचेना.

नंदाचे हात अडकलेले होते. चष्म्यावरची वाफ आता विरत होती, समोर कोण आहे हे तिला दिसलं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मागून इरा हळूच "आई" म्हणाली, मराठीत.

नंदाने मान खाली केली. मीराने तिला कुंकू लावलं.

 हॉलमध्ये सगळे हात जोडून उभे होते, पण गजर करायचं कुणालाच सुचत नव्हतं. गच्चीवर जायला अजून एक जिना होता, अरुंद, उभा. नंदाने त्याच्याकडे पाहिलं, मूर्ती छातीशी जरा सावरली आणि मीराला म्हणाली, "भारी है. उधर से पकड़ो."

मीराने तांब्या खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूने पाटाखाली हात घातले.